परसातली कोंबडी : एक न लिहिलेला हिशेब

मराठी मुसलमानांचा सामाजिक इतिहास लिहिताना आपण दर्गे आणि सूफी-संत, इनामे आणि वतने, शिक्षण आणि सुधारणा यांबद्दल लिहितो. ते आवश्यकच आहे. परंतु या साऱ्या गोष्टी घराच्या पुढच्या दाराशी घडतात. मागच्या दाराचा इतिहास वेगळा असतो आणि तो बहुधा कुणी लिहीत नाही. त्या मागच्या दाराशी मोरी असे, राखेचा ढीग असे, जळणाची रास असे आणि पुष्कळ घरांत एक खुराडे असे. प्रस्तुत लेख त्या खुराड्याबद्दल आहे.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पण ज्या घरात जमीन नाही, दावणीला जनावर नाही आणि पुरुषाची मजुरी आठवड्याला हातात पडते, त्या घरात चार कोंबड्या म्हणजे काय हे ज्याने पाहिले आहे तो तिला क्षुल्लक म्हणणार नाही. कोकणातल्या खाडीकाठच्या गावांतून पुरुष मुंबईला किंवा जहाजावर गेले, १९७० नंतर आखातात गेले. मनीऑर्डर येईपर्यंत घर बाईने चालवले. घाटावर, मराठवाड्यात, खानदेशात मोहल्ल्यातली बाई विडी वळत असे, शिवण करत असे, मिरच्या खुडायला जात असे. या सर्व ठिकाणी अंडे हे सुटे पैसे होते. काडेपेटी, मीठ, चहाची पुडी, मुलाची वही, मदरशातल्या पोरीची ओढणी, दारावर येणाऱ्या कासाराच्या बांगड्या असा खर्च अंड्यांवर निघे. नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नसे.

शरियतने बाईच्या मालमत्तेवर तिचाच हक्क मानलेला आहे. प्रत्यक्षात मेहर अनेकदा निकाहनाम्यावरच राहतो, वडिलांच्या जमिनीतला वाटा भावांना 'माफ' केला जातो आणि दागिना अडचणीच्या वेळी आधी मोडला जातो. कोंबडी मात्र खरोखर तिची असे. ती कुणाला द्यायची, कधी विकायची, कुठली कापायची हे तीच ठरवी. लेक सासरी जाताना बरोबर एखादी तलंग दिली जाई. तलंग म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली तरणी कोंबडी. गरीब शेजारणीला कोंबडी अर्धेलीने दिली जाई : सांभाळायची तिने, पिल्ले निम्मी-निम्मी. हा व्यवहार दोन बायकांत तोंडी होई. त्याला ना कागद, ना साक्षीदार.

'घर की मुर्गी दाल बराबर' ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. ती बहुधा एखाद्या पुरुषाने केली असावी. घरच्या मुर्गीची किंमत बाईला ठाऊक होती, म्हणूनच ती सहजासहजी कापली जात नसे. मेहमान आला, जच्चा उठून बसली, कुणी तापातून उठले, तरच सुरी बाहेर येई, आणि तीही बहुधा कोंबड्यावर. अंड्यावरची कोंबडी कापणे म्हणजे बँकेतली मुद्दल खाणे.

अंड्याचे प्रश्न

या बायकांचे ज्ञान पुस्तकात नाही. ते प्रश्नांत आहे. दोन पाळणाऱ्या बायका भेटल्या की बोलणे अंड्यावर येई. आज कुठली अंड्यावर आहे? खुराडे उघडताना प्रत्येक कोंबडीच्या मागे बोट लावून हे तपासले जाई. अंडे जाणवले की ती डालग्याखाली झाकली जाई, कारण मोकळी सोडली तर ती शेजारच्या गवताच्या गंजीत अंडे घालून येणार. त्यावरून पुढचा प्रश्न : कोंबडी माझी, गंजी तुझी, तर अंडे कुणाचे? मोहल्ल्यातली कितीतरी भांडणे या एका मुद्द्यावर झाली असतील.

अंडे ताजे की शिळे? ते पाण्यात सोडायचे. तळाशी आडवे पडले तर ताजे, उभे राहिले तर जुने, तरंगले तर टाकून द्यायचे. यामागचे कारण सोपे आहे. कवचाला सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून आतला ओलावा उडत जातो आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढत जाते. अंडे मऊ कवचाचे का आले? कोंबडीच्या पोटात चुना कमी पडला. मग टरफले भाजून, कुटून तिलाच घालायची. कुटल्याशिवाय घालायची नाहीत, नाहीतर तिला अंडे फोडून खाण्याची खोड लागते. बलक कुठे पिवळा, कुठे केशरी का? तिने काय खाल्ले यावर ते अवलंबून. हिरवा पाला, मका पोटात गेला की बलकाचा रंग गडद होतो.

अंड्यात रक्ताचा ठिपका निघाला तर? हा प्रश्न आपल्या घरांत विशेष. अनेक घरांत असे अंडे सरळ टाकून देत, काही घरांत ठिपका काढून घेत. 'पिल्लू धरत होते' असा समज सर्वत्र होता. तो खरा नाही. अंडाशयातून बलक सुटताना एखादी बारीक रक्तवाहिनी तुटते, त्याचा तो ठिपका असतो. कोंबडा जवळपास नसलेल्या कोंबडीच्या अंड्यातही तो निघतो. असाच दुसरा प्रश्न उकिरड्यावर चरणाऱ्या कोंबडीचा. घाण खाणाऱ्या प्राण्याला फिकहच्या ग्रंथांत 'जल्लाला' म्हटले आहे, आणि कोंबडीसाठी तीन दिवस कोंडून स्वच्छ दाणा देण्याची मुदत सांगितली जाते. कोकणातली शाफई घरे असोत वा घाटावरची हनफी, जुन्या बायका हे पाळत. ग्रंथाचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. तीन दिवस ठाऊक होते.

सर्वांत मोठा प्रश्न रवणाचा. रवण म्हणजे कोंबडीखाली अंडी उबवायला ठेवणे. कोंबडी खुडूक झाली की ती अंडी घालणे थांबवते, पिसे फुलवून बसते, जवळ गेले तर चोच मारते. मराठीतला हा 'खुडूक' आणि उर्दू-दखनीतली 'कुडक मुर्गी' यांची नाळ एकच दिसते. भाषेवरून आपल्याकडे पुष्कळ वाद झाले. खुराड्यात ते पोहोचले नाहीत.

रवणाला नऊ, अकरा, तेरा अशी विषम संख्येने अंडी ठेवायची चाल होती. पाटीत भुसा, त्यावर अंडी, खाली लोखंडाचा एखादा तुकडा किंवा कोळसा, म्हणजे विजेच्या कडकडाटाने अंडी नासणार नाहीत. लोखंडाने काही होत नसावे. पण साताठ दिवसांनी अंडे कंदिलाच्या काचेशी धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात का हे पाहणे ही अचूक परीक्षा होती. शिरा नसलेले अंडे वांझ. ते काढून घ्यायचे. एकविसाव्या दिवशी पिल्ले. बदकाची अंडी कोंबडीखाली ठेवली तर अठ्ठावीस दिवस. हा हिशेब निरक्षर बाई बोटांच्या पेरांवर ठेवी आणि चुकत नसे.

रानातून अंगणात

ही विद्या किती जुनी आहे? तांबडा रानकोंबडा हा सगळ्या पाळीव कोंबड्यांचा मूळ पुरुष, हे डार्विनने १८६८ साली मांडले. पुढे बराच काळ असे समजले जाई की कोंबडी प्रथम सिंधू खोऱ्यात माणसाळली. आता चित्र बदलले आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने चीनचा नैर्ऋत्य भाग, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्याकडे बोट दाखवले. २०२२ च्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीची खात्रीलायक सर्वांत जुनी हाडे मध्य थायलंडमधल्या बान नॉन वाट येथली आहेत, इसवी सनापूर्वी सुमारे १६५० ते १२५० या काळातली. भात आणि बाजरीसारखी धान्ये पिकू लागली, सांडलेल्या दाण्यांपाशी रानकोंबडी आली आणि राहिली, असा तर्क संशोधकांनी मांडला आहे.

यात आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे. पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या पायांचा आणि कातडीचा रंग तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नाही. तो करड्या रानकोंबड्याच्या रक्तातून आला असे २००८ च्या एका अभ्यासात दिसून आले. हा करडा रानकोंबडा पश्चिम घाटात आणि दक्षिण भारतात आजही पहाटे ओरडतो. जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत आपल्या रानाचा हा अंश आहे.

अरबी वाङ्मयाने कोंबडीला मानाची जागा दिली. नवव्या शतकातला बसऱ्याचा लेखक अल्-जाहिज याने आपल्या 'किताब अल्-हयवान' या ग्रंथात कुत्रा श्रेष्ठ की कोंबडा श्रेष्ठ यावर मोठा वाद रंगवला आहे. कोंबडा नमाजासाठी उठवतो, त्याला शिव्याशाप देऊ नयेत, ही हदीसमधली शिकवण आपल्या घरांत लहानपणीच कानावर पडते. इब्न बतूताने चौदाव्या शतकात बंगालची स्वस्ताई सांगताना तिथे एका दिरहमला आठ धष्टपुष्ट कोंबड्या मिळत असल्याचे नोंदवले. मोठमोठ्या सुलतानांचे दरबार पाहिलेल्या या प्रवाशाला बाजारातल्या कोंबडीचा भाव लिहून ठेवावासा वाटला.

पण आपल्या विषयाला सर्वांत जवळचा आहे तो अब्दुल लतीफ अल्-बगदादी (११६२–१२३१). हा हकीम इजिप्तमध्ये राहिला आणि तिथल्या अंडी उबवण्याच्या भट्ट्यांचे बारकाईने वर्णन त्याने लिहून ठेवले. शेणाच्या मंद आचेवर तापणाऱ्या खोल्यांत हजारो अंडी एकाच वेळी ठेवली जात. इजिप्तमध्ये कोंबडीने स्वतः उबवलेली पिल्ले क्वचितच दिसतात, असे तो म्हणतो. अलीकडच्या काळापर्यंत तिथले कारागीर अंडे पापणीला लावून त्याची ऊब जोखत. म्हणजे कोंबडीला खुडूक बसू न देता पिल्ले काढण्याची कल्पना आधुनिक नाही. फरक असा की ती विद्या कारागिरांच्या हाती गेली, म्हणून तिच्याबद्दल लिहिले गेले. आपल्याकडे ती बायकांच्या हाती राहिली.

गावगाड्यातली कोंबडी

महाराष्ट्रात कोंबडी सर्वांच्या दारी नव्हती. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गावकोंबडा निषिद्ध ठरवला आहे. ब्राह्मण आळीत कोंबडी फिरकली तरी विटाळ मानला जाई. त्यामुळे कोंबड्या कुणाच्या दारात दिसतात यावरून गावाची जातवार रचना ओळखता येत असे : कुणबी-मराठ्यांची घरे, महारवाडा-मांगवाडा, आदिवासी पाडे आणि मुसलमानांचा मोहल्ला. या घरांना जोडणारा एक दुवा मुलाणी हा होता. त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात इतर बलुतेदारांबरोबर त्याचीही नोंद आहे. देवाला सोडलेला बकरा असो की पाहुण्यांसाठीची कोंबडी, अनेक गावांत हिंदू घरांतही सुरी मुलाण्याच्याच हातची लागे आणि त्याचा वाटा ठरलेला असे. पुढच्या दाराने चाललेला हा व्यवहार आत्र्यांनी टिपला. तीच कोंबडी वर्षभर सांभाळणारी मुलाण्याची किंवा पाटलाची बायको त्या नोंदीत येत नाही.

या सगळ्यांचा समान शत्रू होता मानमोडी. कोंबडी मान वाकडी करून, हिरवी हगवण होऊन दोन-चार दिवसांत मरते आणि एका खुराड्यातून अख्ख्या गावात रोग पसरतो. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीलाही महाराष्ट्रात मानमोडीच म्हणत. कोंबड्यांच्या या रोगाचे शास्त्रीय वर्णन आपल्या देशात १९२७ साली झाले आणि कुमाऊंमधल्या गावावरून त्याला राणीखेत हे नाव पडले. १९४० च्या दशकात मुक्तेश्वरच्या सरकारी संस्थेत त्यावरची लस तयार झाली. लस होती, परिणामकारक होती. पण ती थंड ठेवावी लागे आणि एक कुपी फोडली की शंभर-दोनशे कोंबड्यांना काही तासांत टोचून संपवावी लागे. चार कोंबड्यांच्या बाईसाठी ती बनवलेलीच नव्हती. परिणाम असा की लस निघाल्यावर कितीतरी वर्षांनीही उन्हाळ्याच्या सुरुवातीला मानमोडी येई आणि खुराडे रिकामे करून जाई. बाई एखादी उरलेली तलंग घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी.

हे टाळता आले असते. बांगलादेशात १९८० च्या दशकात ब्रॅक या संस्थेने सरकारी पशुधन खात्याच्या साहाय्याने गावातल्याच गरीब बायकांना लस टोचायला शिकवले. प्रत्येक कोंबडीमागे त्यांना थोडे पैसे मिळू लागले, आणि त्या घरोघर जात असल्याने एक कुपी एका वाडीत संपू लागली. ज्या बायकांना परक्या पुरुषासमोर जाणे अवघड, त्यांच्या परसात ही बाई सहज शिरू शकली. तिथला समाज आपल्यासारखाच मुस्लिम आणि ग्रामीण. पडदा असतानाही हे काम झाले, कारण ते बायकांच्या हाती दिले गेले.

इंग्लिश अंडे

स्वातंत्र्यानंतर सरकारने कोंबडीकडे लक्ष दिले ते उत्पादन म्हणून. १९५०-५१ साली देशात सुमारे १८३ कोटी अंडी निघत. ती वाढवायची तर जात बदलली पाहिजे, असे ठरले. भूमध्य समुद्राकाठच्या मूळ वाणातून पाश्चात्त्यांनी घडवलेली पांढरी लेगहॉर्न कोंबडी आणली गेली. आपल्याकडे खडकी, कोल्हापूर, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) आणि नागपूर येथे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे चालू झाली. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी पुण्यात वेंकटेश्वर हॅचरीज सुरू केली. व्यापारी मनमानी भाव पाडतात म्हणून १९८२ साली त्यांच्याच पुढाकाराने नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी उभी राहिली. तिने रोजचा भाव जाहीर करण्याची प्रथा पाडली आणि दूरदर्शनवरच्या जाहिरातीतून अंडे घराघरांत नेले. हे काम मोठे होते. शहरातल्या गरिबाच्या पोरालाही अंडे परवडू लागले ते यामुळेच. ते नाकारण्यात अर्थ नाही.

लोकांनी या अंड्याला 'इंग्लिश अंडे' म्हटले आणि परसातले झाले 'गावठी'. मांसासाठी आलेल्या ब्रॉयलरचे तर लोकांनी 'बॉयलर' करून टाकले. या नावांबरोबर एक तुलनाही रूढ झाली : गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, लेअर तीनशेच्या वर. म्हणजे गावठी कोंबडी निकामी.

आकडे बरोबर आहेत, तुलना चुकीची आहे. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते, मग एकवीस दिवस रवणावर बसते, मग दोन महिने पिल्ले फिरवते, घार आली की पंखाखाली घेते, उकरून खायला शिकवते. वर्षातून तीन-चार वेळा हे चक्र फिरते. उरलेल्या दिवसांत ती रिकामी नसते, पुढची कोंबडी तयार करत असते. लेअरमध्ये खुडूक होण्याची प्रवृत्ती निवड करून करून जवळजवळ नाहीशी करण्यात आली. तिची पिल्ले यंत्र उबवते, खाद्य गिरणी देते, औषध कंपनी देते. ज्या कामाचे पैसे दुसऱ्याला द्यावे लागतात ते काम गावठी कोंबडी फुकट करत होती, म्हणून ते मोजलेच गेले नाही. हे वाचताना कुणाला घरातल्या बाईच्या कामाची आठवण झाली तर ते अप्रस्तुत ठरू नये.

पिंजऱ्यातल्या अंड्याने एक नवा प्रश्नही आणला. कोंबड्याशिवाय घातलेल्या अंड्यातून पिल्लू निघत नाही, मग ते शाकाहारी का नाही? गांधीजींनी १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत असताना आरोग्यावर जे पुस्तक लिहिले, त्यात दूध चालणाऱ्याला असे निर्जीव अंडे चालायला हरकत नसावी असे मत मांडले आहे. वाद मात्र मिटला नाही. महाराष्ट्रातल्या शाळांत २०२३ च्या अखेरीस माध्यान्ह भोजनात आठवड्याला एक अंडे सुरू झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्यासाठीचा निधी बंद केला. गावातला परस आणि गावातली शाळा यांच्यात दोनशे पावलांचे अंतर असते. बचत गटातल्या बायकांची अंडी शाळेत गेली असती तर दोघांचेही भले झाले असते. तो विचार कधी पुढे आला नाही.

गावठी अंड्याचा मान मात्र परत आला. आज शहरात ते इंग्लिश अंड्याच्या दुपटी-तिपटीने विकले जाते, इतके की पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून गावठी म्हणून खपवण्याचे प्रकार घडतात. ग्राहकाने एवढे लक्षात ठेवावे की कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवरून ठरतो. तपकिरी अंडे पिंजऱ्यातले असू शकते आणि पांढरे परसातले.

परसासाठी म्हणून शास्त्रज्ञांनी सुधारित जातीही काढल्या : बंगळूरची गिरिराजा, हैदराबादची वनराजा आणि ग्रामप्रिया. अंडी अधिक, वाढ जलद, पिसे रंगीत. सरकारी योजनांतून त्यांची पिल्ले बायकांना वाटली गेली. एक गोष्ट मागाहून कळते. या कोंबड्या सहसा रवणाला बसत नाहीत. मोठ्या झाल्या, विकल्या, की पुढची पिल्ले पुन्हा केंद्रातून आणायची. ज्या बाईकडे कधीकाळी कोंबडीपासून कोंबडी होत होती ती आता पिल्लांची गिऱ्हाईक झाली. जाणत्या बायकांनी यावर तोड काढली : एखादी गावठी खुडूक कोंबडी राखून ठेवायची आणि वनराजाची अंडी तिच्याखाली ठेवायची. ही तोड कुठल्या माहितीपत्रकातून आलेली नव्हती.

नवापूर, २००६

परसातली कोंबडी शासनाच्या नोंदीत ठळकपणे आली ती मरताना. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या, गुजरातच्या सीमेवरच्या नवापूर येथे बर्ड फ्लूचा एच-५-एन-१ विषाणू आढळल्याचे जाहीर झाले. भारतातली ही पहिली लागण. रोग निघाला तो मोठ्या पोल्ट्री फार्मवर. पण नियमानुसार सुमारे तीन किलोमीटरच्या परिघातला प्रत्येक पक्षी मारणे भाग होते. पथके फार्मवर गेली तशीच मोहल्ल्यात आणि आदिवासी पाड्यांवरही गेली. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात, मारूळ आणि सावद्यासारख्या गावांत, परसातल्या कोंबड्यांत रोग आढळला आणि तिथेही हेच झाले. २००८ साली पश्चिम बंगालमध्ये चाळीस लाखांहून अधिक पक्षी मारले गेले. त्यांत मोठी संख्या घरगुती कोंबड्यांची होती. बायकांनी कोंबड्या लपवल्या, रातोरात माहेरी धाडल्या, अशा बातम्या त्या वेळी आल्या. लोक अडाणी म्हणून लपवतात असे तेव्हा म्हटले गेले.

रोग खरा होता, आणि माणसांना धोका असल्याने पक्षी मारणेही आवश्यक होते. प्रश्न हिशेबाचा आहे. भरपाई मिळते ती पथकाने मारलेल्या जिवंत पक्ष्याची. रोगाने आधीच मेलेल्या कोंबडीची नाही. रवणाखाली अठराव्या दिवसावर आलेल्या अकरा अंड्यांचा भाव काय धरायचा? आजीच्या वेळेपासून चालत आलेल्या, त्या गावच्या उन्हाला आणि त्या गावच्या मुंगसाला सरावलेल्या वाणाचा भाव काय? आणि पुन्हा कोंबडी पाळायला परवानगी मिळेपर्यंतच्या महिन्यांत काडेपेटी आणि वही कशातून यायची? फार्ममालकाकडे वही होती, विमा होता, निदान संघटना होती. परसातल्या बाईकडे बोटांची पेरे होती. २०२१ च्या सुरुवातीला परभणी जिल्ह्यातले मुरुंबा आणि पुन्हा नवापूर येथे बर्ड फ्लू आला, तेव्हा हेच प्रश्न पंधरा वर्षांनी तसेच उभे होते.

एवढे होऊनही परसातली कोंबडी संपलेली नाही, आणि हे भावनेपोटी लिहिलेले नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात एकूण ८५ कोटींवर कोंबड्या व इतर पाळीव पक्षी मोजले गेले. त्यांतले ३१ कोटी ७० लाख परसातले होते. आधीच्या गणनेच्या तुलनेत फार्मवरचे पक्षी साडेचार टक्क्यांनी वाढले, परसातले जवळजवळ शेहेचाळीस टक्क्यांनी. २०२२-२३ साली देशात निघालेल्या सुमारे १३,८०० कोटी अंड्यांपैकी २,००० कोटींवर अंडी परसातून आली. म्हणजे दर सात अंड्यांमागे एक. ते एक अंडे बहुतांशी बायकांच्या श्रमाचे आहे.

मोजणीत अंडी येतात. ती कुणी सांभाळली, त्यांच्या पैशातून कुणाची फी भरली गेली, कुणाचे औषध आले, हे येत नाही. हे काम सरकारचे नाही, आपले आहे. आपल्या घरांत अजून अशा बायका आहेत ज्यांनी वीस-पंचवीस वर्षे खुराडे सांभाळले. त्यांतल्या पुष्कळ जणी आता मुलांबरोबर भिवंडी-मुंब्र्याच्या, पुण्याच्या चौथ्या मजल्यावर राहतात, जिथे परस नाही. तलंग, रवण, खुडूक, डालगे हे शब्द त्यांच्या नातींना ठाऊक नाहीत. त्यांना कोणी मुलाखतीला बोलावत नाही, कारण कोंबडीबद्दल काय विचारायचे असे आपल्याला वाटते. विचारायला हवे ते एवढेच : कोंबड्या किती होत्या, मानमोडी कुठल्या साली आली, अंडी कुणाला विकली, आणि त्या पैशाचे काय केले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर उतरवून घ्यावे. ती ज्या घराबद्दल सांगेल ते आपलेच घर असेल, आणि त्यातल्या कितीतरी गोष्टी आपण वडिलांच्या कमाईच्या खात्यावर मांडत आलो असू.